नाताळच्या खाऊसाठी रिकामे डबे: आधी आत काय जाणार ते ठरवा, सजावट नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे की घरात सिरीअलचे खोके, चिप्सचे उभे डबे, दुधाचे कार्टन, सॉसच्या बरण्या, आइस्क्रीमचे टब असं बरंच काही साठवून ठेवलंय, ख्रिसमसला वीसेक जणांना कुकीज आणि फज द्यायचंय, तर यातून बरे दिसतील असे डबे कसे करायचे, कारण प्लास्टिकवर कागद चिकटत नाही, बरणीचा वास जात नाही आणि मुळात अशा डब्यात खायचं ठेवणं योग्य आहे का हीच शंका आहे.

मी हे गेली बारा-तेरा वर्षं दर डिसेंबरात करतेय, आणि पहिली दोन-तीन वर्षं तर चक्क चुकतच होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझी सुरुवात अशी झाली की मोठ्या हौसेने लसणाच्या सॉसच्या सहा बरण्या घासूनपुसून, वर लाल रिबिनी बांधून, त्यात बटर कुकीज भरून दिल्या. बरण्या अशा दिसत होत्या की फोटो काढून ठेवला. चार दिवसांनी एका मैत्रिणीने अगदी हळूच विचारलं, अगं या गोड आहेत ना, मग लसणाचा वास कसा येतोय? काच स्वच्छच होती हो, वास होता तो झाकणाच्या आतल्या रबरासारख्या रिंगमध्ये. ती रिंग मऊ प्लास्टिकची असते, तेल आणि वास दोन्ही शोषून घेते, आणि कितीही धुतली तरी ते पूर्ण सोडत नाही. तेव्हापासून तिखट, आंबट किंवा लसणाच्या बरणीचं झाकण मी सरळ टाकून देते आणि तोंडावर बटर पेपर घालून कापड बांधते, किंवा त्याच मापाच्या जॅमच्या बरणीचं झाकण लावते. जॅम आणि मधाच्या बरण्या याबाबतीत सगळ्यात गुणी.

यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. डबा रिकामा झालाय म्हणून त्यात काय भरू असा विचार करायचाच नाही. खाऊ कुठला, तो किती तेलकट, किती ओला, किती जड, किती दिवस राहणार, हे आधी ठरवायचं आणि मग त्याला डबा शोधायचा. बहुतेक जण उलटं करतात, सगळा वेळ बाहेरच्या सजावटीत जातो आणि आत साधा कागदसुद्धा घातलेला नसतो.

वासाची परीक्षा कशी घ्यायची ते सांगते. नाक लावून बघणं पुरत नाही, कारण आपल्या नाकाला घरच्या वासाची सवय झालेली असते. धुतलेल्या, पूर्ण वाळलेल्या डब्यात साध्या मिल्क चॉकलेटचा एक तुकडा ठेवायचा, झाकण लावायचं, दोन रात्री तसाच ठेवायचा, मग तो तुकडा आणि मूळ वडीतला दुसरा तुकडा शेजारी शेजारी खाऊन बघायचा. फरक जाणवला तर तो डबा खिळे-बटणं ठेवायला. हा काही माझा शोध नाही, पॅकेजिंगच्या धंद्यातही पुठ्ठ्याचा वास खाण्यात उतरतो का हे चॉकलेट वापरूनच तपासतात, त्याला रॉबिन्सन टेस्ट म्हणतात. चॉकलेटच का, तर त्यात फॅट भरपूर असतं आणि वास फॅटमध्ये पटकन मुरतो. आता ख्रिसमसच्या खाऊत काय काय असतं आठवा, बटर कुकीज, फज, चॉकलेट, नट्स, सगळं फॅटवालंच, म्हणजे वास पकडायला एकदम तयार बसलेलं!

आता सिरीअलचा खोका, कारण सगळ्यांच्या घरात सगळ्यात जास्त तोच निघतो. खोका आतून करडा दिसत असेल तर तो रीसायकल केलेल्या कागदाचा आहे असं समजा. अशा पुठ्ठ्यात जुन्या वर्तमानपत्रांच्या शाईतली खनिज तेलं उतरलेली असतात आणि ती साध्या खोलीच्या तापमानालाही हळूहळू वाफेच्या रूपाने कोरड्या खाण्यात शिरतात. झ्युरिकच्या सरकारी अन्न प्रयोगशाळेतल्या कोनी ग्रोब यांनी 2010 च्या आसपास हे मोजून दाखवलं होतं आणि त्यानंतर काही सिरीअल कंपन्यांनी आपला पुठ्ठा बदलला. हे वाचून घाबरून खोके फेकू नका, ती गोष्ट महिनोन् महिने कपाटात राहणाऱ्या मालाची, आपला खाऊ चार-सहा दिवसांत संपतो. पण अस्तर हवंच, आणि इथे एक बारीक मुद्दा आहे, बटर पेपर तेल अडवतो पण ही वाफ अडवत नाही, साधी पातळ प्लास्टिकची पिशवीही फारशी अडवत नाही, अ‍ॅल्युमिनियम फॉइल मात्र अडवते. म्हणून माझी पद्धत अशी की पुठ्ठ्याला लागून फॉइल, तिच्यावर बटर पेपर, मग खाऊ. बटर पेपर वरून अशासाठी की लिंबाच्या आयसिंगसारखं आंबट काही थेट फॉइलला लागू नये, आणि कुकी फॉइलला चिकटून तुटू नये.

या खोक्याचा डबा करायला एक सोपं गणित. खोका जोडावरून अलगद उघडून सपाट करा आणि छापील बाजू आत जाईल, करडी बाहेर दिसेल असा उलटा वापरा. करडा रंग क्राफ्ट पेपरसारखा दिसतो, वर नुसती पांढरी किंवा लाल दोरी बांधली तरी काम होतं, रंगवायची गरज नाही. तळासाठी 18 सेंमीचा चौकोन कापा, चारही बाजूंनी 4 सेंमीवर रेघ मारा, म्हणजे 10 बाय 10 चा तळ आणि 4 सेंमी उंची मिळते. झाकणासाठी 15.4 सेंमीचा चौकोन, चारही बाजूंनी 2.5 सेंमीवर रेघ, म्हणजे झाकण आतून 10.4 होतं. हे वरचे 4 मिलीमीटर विसरू नका, लोक तळ आणि झाकण एकाच मापाचे कापतात आणि मग झाकण बसत नाही म्हणून दाबतात आणि कोपरे फाटतात. घडीच्या रेघेवर शाई संपलेलं बॉलपेन पट्टीला लावून जोरात ओढायचं, कटरने अर्धवट कापायचं नाही, कारण कापलेली घडी दोनदा उघडली की तुटते. कोपऱ्याच्या चार चौकोनांना एकेका बाजूने चीर द्यायची, पांढरा डिंक लावून आत चिकटवायचे, वाळेपर्यंत कपड्याच्या चिमट्याने धरून ठेवायचे, झालं. अशा डब्यात 3 सेंमीचे फजचे नऊ तुकडे कागदी वाट्यांमध्ये आरामात बसतात. पाव किलोपेक्षा जास्त वजन जाणार असेल तर तळाला पुठ्ठ्याचा आणखी एक चौकोन घाला.

चिप्सचे उभे डबे माझे सगळ्यात आवडते. कागद, आत फॉइलचं अस्तर, खाली धातूचा तळ आणि वर प्लास्टिकचं झाकण, असं सगळं एकात घट्ट चिकटलेलं असतं, त्यामुळे रीसायकल करायला हे कटकटीचे, पण कुकीजसाठी याहून चांगला आकार शोधून सापडणार नाही. याची एक गंमत सांगते, प्रिंगल्सचा तो डबा ज्यांनी तयार केला ते फ्रेडरिक बॉर 2008 मध्ये गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या अस्थींचा काही भाग त्याच डब्यात घालून पुरला होता. डबा किती टिकाऊ आहे यासाठी याहून मोठं सर्टिफिकेट काय देणार!

तर या डब्याला पाण्याने धुवायचं नाही, कडेला कागद उघडा असतो तो पाणी पितो आणि फुगतो. ओल्या पिळलेल्या फडक्याला साबणाचा एक थेंब लावून आतून पुसा, मग नुसत्या ओल्या फडक्याने दोनदा पुसा, आणि एक-दोन दिवस उघडा ठेवा. चीज किंवा कांद्याच्या चवीच्या चिप्सचा डबा असेल तर नाद सोडा, फक्त मीठवाल्याचा घ्या. आणि कुकीज भाजायच्या आधी डब्याचा आतला व्यास मोजा, कारण कुकी ओव्हनमध्ये पसरते. डबा आतून 7 सेंमी असेल तर मी कटर 6 चा घेते. एका वर्षी मी हे न मोजता चाळीस कुकीज भाजल्या आणि एकही आत जाईना, सगळ्या घरच्यांनीच खाल्ल्या, कोणाची तक्रार नव्हती म्हणा. भरताना बटर पेपरची लांब पट्टी आधी डब्यात U सारखी सोडायची, दोन्ही टोकं वर राहू द्यायची, त्यात कुकीजची चळत ठेवायची, म्हणजे खाणाऱ्याला टोकं धरून अख्खी चळत वर ओढता येते, हात घालून चुरा करावा लागत नाही. तळाशी आणि वर टिश्यूचा बोळा, नाहीतर डबा हलला की खालच्या कुकीजचा भुगा होतो.

बाहेरच्या कागदाचं माप म्हणजे व्यास गुणिले 3.14 आणि वर दीड सेंमी. बाहेरून 7.5 चा डबा असेल तर साधारण 25 सेंमी रुंद कागद लागतो. कागद पूर्ण डब्याला चिकटवत बसू नका, सुरकुत्या येतात, फक्त सुरुवातीची कड डबल टेपने डब्याला आणि शेवटची कड कागदावरच.

इथूनच प्लास्टिकच्या टबाचं उत्तरही मिळतं. पांढरा डिंक कागद-लाकडाला धरतो कारण तो त्यांच्या रंध्रांत शिरतो, आइस्क्रीमच्या टबाचं प्लास्टिक मेणासारखं गुळगुळीत, त्याला धरायला काही मिळतच नाही, म्हणून वाळल्यावर अख्खी सालपट निघते. ॲक्रिलिक रंगाचंही तेच. मी त्या प्लास्टिकशी भांडण सोडून दिलंय, टबाला कागदाचा रुंद पट्टा घालते, टोकं कागदालाच चिकटवते, हवं तर वरून रिबिन. पट्टा काढला की टब परत धुता येतो. तळाला त्रिकोणात आकडा असतो तो बघा, पण तो सुरक्षिततेचा शिक्का आहे असं समजू नका, प्लास्टिकची जात ओळखायला ते आकडे 1988 मध्ये अमेरिकेत सुरू झाले, एवढंच. मी खाण्यासाठी 1, 2 आणि 5 घेते, 3 आणि 6 घेत नाही, आणि मुळात ज्यात खायची वस्तू आली होती तोच डबा खायला, साबणाचा किंवा औषधाचा डबा कितीही सुंदर असला तरी नाही म्हणजे नाही. एक मात्र, 1 नंबरचं पारदर्शक प्लास्टिक 70 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, त्यात गरम फज ओतू नका, डबा पिळवटतो.

दुधाचं कार्टन, ज्याचं डोकं छपरासारखं उतरतं असतं ते, हे तर आयतं घरच आहे! 1915 मध्ये अमेरिकेतल्या टोलेडोच्या जॉन व्हॅन वर्मर यांनी घडीच्या कागदी कार्टनचं पेटंट घेतलं तेव्हा काचेची बाटली फुटण्याचा त्रास संपवायचा हा हेतू होता, पण मला वाटतं नाताळच्या छोट्या घरासाठी याहून बरा आकार कोणी मुद्दाम काढला नसता. आधी गार पाण्याने विसळा, गरम पाणी लगेच ओतलं तर दुधातलं प्रोटीन आतल्या बाजूला धरून बसतं, मग कोमट साबणाचं पाणी, मग दोन दिवस उलटं वाळत. कापलेल्या कडेला आतला कागद उघडा पडतो, तिथे टेप लावा. बाहेरून मेणचट असतं म्हणून इथेही डबल टेप, किंवा बारीक पॉलिश पेपरने घासून मग डिंक. पांढऱ्या कागदाची खिडकी, करड्या पुठ्ठ्याचं दार, छपराला कापूस, लहान मुलांना हेच सगळ्यात जास्त आवडतं आणि करायलाही त्यांनाच बसवा. आतला खाऊ मात्र वेगळा गुंडाळूनच ठेवायचा, कारण दुधाचा अंश एखाद्या घडीत राहिलाच तर तो तुम्हाला दिसणार नाही.

अंड्यांच्या ट्रेबद्दल माझं मत जरा कडक आहे. बारा खळगे, प्रत्येकात एक चॉकलेट ट्रफल, फोटोत फार गोड दिसतं, कबूल. पण तो लगद्याचा ट्रे धुता येत नाही आणि कच्च्या अंड्याच्या कवचावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. कागदी वाटीत ठेवलं तरी मी देणार नाही. तो ट्रे झाडावर टांगायच्या काचेच्या गोळ्यांना ठेवा, ते काम तो उत्तम करतो. असंच टॉयलेट पेपरच्या नळीचं, लोक तिची दोन्ही टोकं आत दुमडून उशीच्या आकाराची डबी करतात, मी त्याऐवजी किचन रोलची नळी घेते, आकार तोच आणि मनात किंतु नाही. त्या नळीत फॉइलमध्ये गुंडाळलेल्या पाच-सहा टॉफ्या भरून दोन्ही टोकांना कागद पिळून बांधला की झाला ख्रिसमस क्रॅकर, म्हणजे दोन्ही टोकं ओढली की फट् वाजून आतला खाऊ बाहेर येतो तो, जो लंडनच्या टॉम स्मिथ नावाच्या मिठाईवाल्याने 1847 च्या सुमारास काढला तसा, फक्त फटाका नाही.

पत्र्याचे डबे केकसाठी राखून ठेवा. ड्रायफ्रूट घातलेला केक जड असतो, पुठ्ठा त्याच्याखाली वाकतो, आणि पत्र्याच्या डब्यात ओलावा टिकतो. गोल बिस्किटांच्या डब्यात बहुतेक घरी सुई-दोराच निघतो, तो जरा दुसरीकडे हलवा. धुतल्यावर जोडाच्या खाचेत पाणी राहतं आणि तिथून गंज धरतो, म्हणून मी धुतल्या धुतल्या पुसून, नुकत्याच बंद केलेल्या कोमट ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवते, अर्थात प्लास्टिकचं झाकण बाहेर. ओपनरने कापलेल्या कॅनची कड धारदार असते, ती मुलांच्या हातात जाणार असेल तर नकोच.

बरणीचं लेबल निघत नाही ही तक्रार नेहमीची. कोमट पाण्यात अर्धा तास बुडवा, कागद सोलून काढा, राहिलेल्या चिकटावर खायचं तेल आणि खायचा सोडा समसमान कालवून चोळा, पंधरा मिनिटांनी घासा. घासायच्या आधी तेलाला वेळ द्या, गोंद त्यात सुटतो. नुसतं पाण्याने घासत बसलात तर तो सगळीकडे पसरतो.

भरण्याबद्दल थोडं, कारण डबा चांगला आणि खाऊ मऊ पडलेला असंही होतं. कुरकुरीत आणि मऊ एकाच डब्यात ठेवू नका, केकचा ओलावा रात्रीत कुकीजमध्ये जातो आणि दोन्हींची वाट लागते. पेपरमिंटची कुठलीही गोष्ट वेगळी, नाहीतर सगळ्या डब्याला टूथपेस्टचा वास. कुकीज पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण नाही, आयसिंग केलेल्या असतील तर रात्रभर उघड्या वाळू द्या. डिंक लावलेला डबा एक दिवस, आणि स्प्रे पेंट मारलाच असेल तर चांगला आठवडाभर मोकळ्या हवेत ठेवून मगच आत खाऊ, आणि पेंट कायम बाहेरून, तोही झाकणाच्या कडेपासून लांब. माझं कॅलेंडर असं असतं, ऑक्टोबरपासून डबे जमवायचे, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कापाकापी आणि सजावट, चॉकलेटची परीक्षा त्याच आठवड्यात, 20 ते 22 ला भाजणं, 23 ला भरणं. वीस डबे एका रात्रीत करायला बसलात तर शेवटचे सहा रबरबँडवर जातील.

ग्लिटर मी पूर्ण बंद केलंय. एक तर ते खाऊत पडतं, दुसरं म्हणजे ते बारीक प्लास्टिकच आहे, युरोपियन युनियनने ऑक्टोबर 2023 पासून सुट्या प्लास्टिक ग्लिटरच्या विक्रीवर बंदीसुद्धा आणलीये. चमक हवी असेल तर चिप्सच्या पाकिटाची आतली चंदेरी बाजू वापरा, साबणाने धुऊन चांदण्या कापल्या की बाहेरून चिकटवायला छान दिसतात, याला डबल टेपच लागेल. जुना गिफ्ट पेपर वापरणार असाल तर मुठीत चुरगाळून सोडा, चुरगाळलेलाच राहिला तर कागद आहे, परत उलगडला तर प्लास्टिक. नंतर कचऱ्यात टाकणाऱ्याला याचा उपयोग होतो.

आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावा. खाऊचं नाव, भाजल्याची तारीख, किती दिवसांत संपवायचं, आणि शेंगदाणे, बदाम, अक्रोड, अंडं, दूध, गहू यातलं काय आहे ते स्पष्ट. दुकानातल्या पाकिटावर हे छापलेलं असतं, घरच्या डब्यावर नसतं, आणि आपला डबा तर मूळच्या छापील यादीसकट येतो, म्हणजे चिप्सच्या डब्यावर बटाटा लिहिलेलं आणि आत बदामाच्या कुकीज! म्हणून जुनी छपाई पूर्ण झाकली गेलीये ना ते बघा. नट्सची ॲलर्जी असलेल्या माणसासाठी मी पीनट बटरची बरणी वापरतच नाही, धुतलेलीसुद्धा नाही. चिठ्ठीच्या खाली मी आणखी एक ओळ लिहिते, डबा परत द्यायची गरज नाही, तरी दरवर्षी तीन-चार जण जानेवारीत डबे आणून देतातच, आणि त्यातले दोन पुढच्या डिसेंबरात परत कामाला येतात.

तुमच्या यादीतून मी काय निवडलं असतं ते सांगते. कुकीज चिप्सच्या डब्यात, फज सिरीअलच्या पुठ्ठ्याच्या डबीत, टब फक्त घरातल्यांसाठी जास्तीच्या कुकीजना, आणि सॉसच्या बरण्यांमध्ये या वर्षी मेणबत्त्या.